वाट वाकडी करून

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मी काही प्रवचनकार नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत ३६ वर्षं लेजरं लिहिली, निवृत्त झालो. आमच्या मंदिरात दर गुरुवारी गुरुचरित्राचं वाचन असतं, त्यात कधीमधी दोन शब्द बोलतो, एवढाच माझा अधिकार. जयंती अंकासाठी काहीतरी लिहा असं मंडळींनी सांगितलं तेव्हा 'अवधूताचे चोवीस गुरू' हा विषय मी घेतला होता. लिहायलाही बसलो. पण पहिल्याच पानावर अडकलो. कारण त्या चोवीसांतला एक गुरू मी आयुष्यभर चुकीचा वाचला, हे मला गेल्या मार्गशीर्षात आष्ट्याच्या अलीकडे, उसाच्या फडात कळलं. तेव्हा आधी ते सांगतो. बाकीचे तेवीस पुढच्या वर्षी, महाराजांची इच्छा असेल तर.

माझा स्वभाव सुरुवातीलाच सांगून टाकलेला बरा. मला सगळं ठरवलेलं लागतं. दरवर्षी मार्गशीर्षात आम्ही दोघं साताऱ्याहून वाडीला, म्हणजे श्रीक्षेत्र नृसिंहवाडीला जातो. आदल्या रात्री मी डायरीत लिहून ठेवतो. घर पावणेसात, कराड पावणेआठ, पेठ नाका साडेआठ, सांगली साडेनऊ, वाडी सव्वादहा. किलोमीटरचा रकाना वेगळा, पेट्रोलचा वेगळा, टोलचा वेगळा. पादुकांचं दर्शन होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही असा माझा संकल्प असतो. चहा चालतो, तोही कराडला एकदाच, गाडीतून न उतरता. दर्शन, मग महाप्रसाद, मग लगेच परत. सौ. शेजारी बसलेली असते. तिला वाटेत काही ना काही दिसतं. कुणी कोवळी वांगी घेऊन बसलेलं असतं, लांब टेकडीवर एखादं देऊळ दिसतं, नदीवर माणसं दिसतात. "अहो, जरा थांबूया का?" माझं उत्तर ठरलेलं, "येताना." आणि येताना काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. उशीर झालेला असतो. लग्नाला ४१ वर्षं झाली. 'येताना' या खात्यावरची उधारी फार साचली आहे.

बरं, या स्वभावाला मी शास्त्राचा आधारही शोधून ठेवला होता. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. आपल्या परंपरेत तो अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय. 'तुम्ही इतके निश्चिंत कसे?' असं राजा विचारतो आणि अवधूत त्याला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत एक शरकार आहे, बाण करणारा. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला होता, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. हा माझा आवडता गुरू. मंदिरात मी त्याच्यावर दोनदा बोललोय. 'मंडळी, वाडीला निघालात की वाडीच डोळ्यांपुढे हवी. उजवीकडे बघू नका, डावीकडे बघू नका. शरकार व्हा!' लोकांनी मानाही डोलावल्या होत्या.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता. पेठ नाक्याला महामार्ग सोडून सांगलीच्या रस्त्याला लागलो, घड्याळ बरोबर चाललेलं. आणि आष्टा जवळ आलं असेल-नसेल तोच पुढे गाड्यांची रांग. कारखाने सुरू झालेले, त्या दिवसांत त्या रस्त्याला उसाशिवाय दुसरं काही दिसत नाही. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांतली मागची रस्त्यात आडवी झाली होती आणि मोळ्या पार पलीकडच्या गटारापर्यंत पसरल्या होत्या. सुदैवानं कुणाला लागलं नव्हतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. एक पोरगा सायकल हातात धरून उभा होता, तो काचेशी वाकला. "काका, हितं दुपार हुईल. ह्या पाणंदीनं जावा की, थेट वर निघतीया."

पाणंद म्हणजे शेतामधून जाणारी वाट. एक गाडी जेमतेम मावेल एवढी, दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर. मला ते अजिबात पसंत नव्हतं. पण मागे पुढे दोन्हीकडे गाड्या अडकलेल्या. घातली गाडी. आणि खरं सांगू का, पहिल्या पाच मिनिटांतच छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता सव्वादहा गाठणं आपल्या हातात राहिलं नाही, हे एकदा कळलं की घड्याळाकडे बघण्यात अर्थ नसतो. काच खाली केली. उसाचा तो ओला, गोडसर वास आत आला. बगळे उडाले. सौ. काही बोलत नव्हती, पण हसत होती. ती शेवटची अशी कधी हसली होती ते आठवेना.

पुढे धूर दिसला. गुऱ्हाळ होतं. आता गुऱ्हाळं कमी झालीत, सगळा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे चालू गुऱ्हाळ दिसणं हीच नवलाई. "थांबूया?" तिनं विचारलं, आणि मी 'येताना' म्हणणार तोवर लक्षात आलं की येताना या पाणंदीत आपण कशाला येतोय! थांबलो. चुलवाणात चिपाडं ढकलायचं काम चाललं होतं, काहिलीत रस उकळून घट्ट होत आलेला, गुळव्या मोठ्या हातानं मळी काढत होता. त्यानं न विचारता पळसाच्या पानावर गरम गुळाचा गोळा सौ.च्या हातावर ठेवला. मला देऊ लागला तर मी संकल्पाचं सांगितलं. त्यानं मान डोलावली, आग्रह केला नाही. निघताना मी पाकीट काढलं. तो म्हणाला, "देवाला निघालाय न्हवं? मग पैशाचं काय काढताय." वर काकवीची एक बाटली दिली. "आमच्या नावानं वाडीला नमस्कार करा म्हंजे झालं."

मंडळी, हा प्रसंग लहान आहे. पण मी गाडीत बसलो तो अस्वस्थ. मी देणग्यांच्या पावत्या नियमानं फाडतो, अन्नदानाला पैसे भरतो, देणं मला जमतं. पण फुकट घेणं जमत नाही. काकवीची किंमत मनात लावून बघितली आणि त्याच्या खात्यावर कुठे जमा करावी ते कळेना. चोवीस गुरूंमध्ये अजगर आहे. जे आपोआप पुढ्यात येईल त्यावर तो राहतो. मधमाशी आहे, ती दारोदार थोडं थोडं घेते. हे दोन गुरू मी नेहमी भरभर वाचून पुढे जात असे. माझ्यासारख्या पगारदार माणसाला त्यांचं काय काम, असं वाटे.

गुळव्याला विचारलं, "ही वाट कुठे निघते?" तो म्हणाला, "अंकलखोप. तिथनं औदुंबर जवळच की."

आता इथे मला थोडं मागचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

वाडीची ही वारी माझ्या वडिलांची. ते एसटीनं जात. त्यांच्या वेळी वाडीचा रस्ता सरळ नव्हताच. औदुंबरच्या अलीकडे चार-पाच किलोमीटरवर एका गावात माझी धाकटी बहीण दिलेली आहे. वडील आधी तिच्याकडे उतरत. आमचे दाजी त्यांना फाट्यावरून सायकलवर डबलसीट घेऊन जात. मग जेवण, वस्ती, दुसऱ्या दिवशी औदुंबर, आणि मग वाडी. वडील गेले. त्यानंतर घराचा विषय निघाला. साताऱ्याचं वडिलोपार्जित घर माझ्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून बहिणीचं हक्कसोडपत्र हवं होतं. १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा आणि २००५ चा केंद्राचा, दोन्ही मला चांगले ठाऊक. तिचा हक्क माझ्याइतकाच आहे हे तिच्यापेक्षा मला जास्त स्पष्ट माहीत होतं. मी काय केलं? मसुदा टाईप करून रजिस्टर पोस्टानं पाठवला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारली, जशी आम्ही बँकेत कर्जदाराला मारून देतो. सोबत चार ओळींचं पत्र, नोंदणीला अमुक तारखेला येणे.

ती आली नाही. कागदही परत आला नाही. मी फोन केला नाही, तिनंही केला नाही. भाऊबीज बंद झाली. याला नऊ वर्षं झाली.

आणि त्याच वर्षी मी डायरीत वाडीचं ते वेळापत्रक पहिल्यांदा लिहिलं. सातारा, कराड, पेठ, सांगली, वाडी. नऊ वर्षं आष्ट्यावरून सरळ पुढे गेलो. सौ. दरवर्षी आष्टा आलं की खिडकीतून डावीकडे बघे आणि मी म्हणे, "उशीर होतोय." शरकाराचा दाखला मी दिला तो यासाठी, हे मला त्या पाणंदीत उमगलं. शरकाराचं लक्ष बाणावर होतं. माझं वाडीवर होतं असं मी म्हणत होतो, पण ते खरं तर त्या डाव्या हाताच्या फाट्यावर होतं, तिकडे गाडी वळू नये म्हणून.

औदुंबरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी एक चातुर्मास तिथे केला, विमल पादुका तिथे आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दर्शन घेतलं आणि घाटावर बसलो. कृष्णा संथ होती. समोर पैलतीरावर भिलवडीची भुवनेश्वरी. इथे बसलं की गुरुचरित्रातला तो मुलगा आठवतोच. करवीरचा ब्राह्मणाचा पोर, आईबाप गेलेले, विद्या येईना, लोक घालून पाडून बोलत. तो घर सोडून भुवनेश्वरीपुढे येऊन बसला. अन्नपाणी टाकलं. देवी प्रसन्न होईना तेव्हा जीभ कापून तिच्या पायावर वाहिली. देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं, पलीकडच्या तीरावर औदुंबराखाली जो यती बसलाय त्याच्याकडे जा. मुलगा नदी ओलांडून आला, स्वामींनी मस्तकी हात ठेवला, वाणीही आली आणि विद्याही.

ही कथा मी किती वेळा वाचली असेन! पण नेहमी शेवटच्या चमत्काराकडे लक्ष. मधला मुद्दा निसटत होता. तो गेला होता देवीकडे. संकल्प देवीचा. देवीनं स्वतः काही दिलं नाही, फक्त पत्ता दिला. आणि पोरानं 'मी तर तुझ्याकडे आलोय, मी दुसरीकडे का जाऊ?' असं विचारलं नाही. उठला आणि गेला.

मी हे सौ.ला सांगत होतो, प्रवचनाच्या थाटात. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, त्याला नदी ओलांडावी लागली. आपल्याला तर तीही ओलांडायची नाही."

मी बराच वेळ बोललो नाही. मग किल्ली काढली.

बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा झाले असतील. न कळवता. भर दुपारी. हातात काही नाही, ती काकवीची बाटली सोडून. अंगणात ती मेथी निवडत बसली होती. केस सगळे पांढरे झालेले. तिनं वर बघितलं, क्षणभर तशीच राहिली, मग म्हणाली, "दादा, गाडी आत घे. इथनं म्हशी येतात." बस्स. जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेलो होतो.

आत गेलो तर दाजी कॉटवर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली. मला बघून त्यांनी डावा हात कपाळाला लावला. ज्यांनी माझ्या बापाला सायकलवर डबलसीट आणलं तो माणूस. दोन वर्षं. आणि मला माहीत नाही. 'मला कुणी कळवलं नाही' असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. कुणी कळवायचं होतं? आणि मी कुणाचा कोण लागत होतो?

भाचा कारखान्यावर पाळीला गेलेला. सौ. वहिनीच्या नात्यानं सरळ स्वयंपाकघरात शिरली. थोड्या वेळानं पाट मांडले गेले. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा, ठेचा, ताक. मी पाटावर बसलो आणि तेव्हा मला संकल्प आठवला. वाडीचं दर्शन झालेलं नाही. म्हणालो, "अगं, माझा उपास आहे. वाडीला पोचेपर्यंत अन्न घेत नाही मी."

तिच्या हातात भाकरीची चवड होती. ती म्हणाली, "नऊ वर्षांचा झाला की रे उपास, दादा."

मी जेवलो.

आता तुमच्यातले जाणते म्हणतील, संकल्प मोडला. होय, मोडला. यावर पुढे मी मनाशी बरेच युक्तिवाद करून बघितले. विमल पादुकांचं दर्शन झालंच होतं, पादुका औदुंबरच्या काय आणि वाडीच्या काय, शाखा वेगळी असली तरी बँक एकच, वगैरे. पण ते सगळे कारकुनी युक्तिवाद. संकल्पात वाडी म्हटलं होतं, तर वाडीच. मी तो मोडला असंच धरतो. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, खाडाखोड चालतच नाही. चूक तशीच ठेवून उलट नोंद घालतात आणि खाली सही करतात. ती भाकरी माझी उलट नोंद होती, एवढंच मी म्हणेन.

जेवताना एक शब्द सारखा मनात येत होता, अतिथी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा आपल्याकडे अर्थ सांगतात. दत्तजन्माची कथाच मुळी अतिथींची आहे. अत्रिऋषींच्या आश्रमात तीन अतिथी आले, न कळवता. काय रूपात आले, काय मागितलं, ते आपण सगळे जाणतो. अनसूयामातेनं त्यांना परत पाठवलं नाही, त्यांची बाळं करून घेतली आणि त्यातून आपलं दैवत आपल्याला मिळालं. ही कथा आपण नेहमी अनसूयेच्या बाजूनं ऐकतो. घरी कुणी आलं तर विन्मुख पाठवू नये, असा त्याचा बोध करतो. ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी पाटावर मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो. येणाऱ्याच्या. येणाऱ्याला कसं वाटतं, ते मी कधी अनुभवलंच नव्हतं. कारण ठरवून, कळवून, वेळ देऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन जाणारा माणूस पाहुणा होतो. अतिथी होण्यासाठी रिकाम्या हातानं आणि न सांगता दारात उभं राहावं लागतं. मग पुढच्यानं आत घेतलं तर ते त्याचं देणं, तुमचा हक्क नाही. 'दत्त' या शब्दाचा अर्थच दिलेला. अत्रींनी मागितलं आणि भगवंतानं स्वतःलाच देऊन टाकलं, म्हणून दत्त. ज्याला काही घेताच येत नाही, त्याला दिलेला देव कुठून मिळायचा? हे मी माझ्यापुरतं म्हणतोय.

कुणी म्हणेल, दत्तमहाराजांचंही वेळापत्रक आहेच की. काशीला स्नान, करवीरला भिक्षा, माहूरला निद्रा, रोज. खरं आहे. मीही हे माझ्या बाजूनं पूर्वी वापरलेलं आहे. पण जरा बघा, करवीर ठरलेलं आहे, दार ठरलेलं नाही. कोल्हापुरात आज कुणाच्या उंबऱ्यावर ते 'भिक्षां देहि' म्हणतील हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर तिथली जुनी माणसं दुपारच्या भिक्षेकऱ्याला हाकलत नाहीत. आणि टेंब्ये स्वामींचं बघा. १८५४ साली माणगावला जन्म, १९१४ साली गरुडेश्वरला समाधी. रेल्वे सगळीकडे धावू लागली होती त्या काळात, पण हा यती भारतभर पायी फिरला. माणगावात स्वतः दत्तमंदिर उभारलं, सात वर्षं ते भरभराटलं, आणि मग आज्ञा झाली म्हणून सगळं तिथेच ठेवून निघाले. एवढा काटेकोर आचार पाळणारे स्वामी, आन्हिकात क्षणाची चूक नाही. पण उद्या कुठे जायचं, हे ते महाराजांवर सोडत. आपलं बरोबर उलटं चालतं. आन्हिक सोयीनं आणि प्रवास मिनिटामिनिटानं. हल्ली तर पाच दिवसांत अकरा दत्तस्थानं दाखवणाऱ्या गाड्या निघतात. दर ठिकाणी पाऊण तास, उतरा, दर्शन, चढा. मी त्यांना नावं ठेवत नाही, गुडघे दुखणाऱ्यांची त्यात सोय होते. मीच नऊ वर्षं तसली गाडी एकट्यानं चालवत होतो.

जेवण झाल्यावर दाजींजवळ बसलो. त्यांचं बोलणं नीट कळत नाही, बहीण समजावून सांगते. 'बाबांची काठी अजून आहे' एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. खरंच कोपऱ्यात होती. वडील शेवटच्या खेपेला तिथेच विसरून गेले होते.

घराच्या कागदाबद्दल मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. पुढे गाडीत सौ.नं सांगितलं. स्वयंपाकघरात बहीण तिला म्हणाली होती, "वहिनी, दादानं येऊन मागितलं असतं तर त्याच दिवशी सही दिली असती. मला विटा नको होत्या. बाबांच्या मागं कुणीतरी यायला हवं होतं. त्यानं फुली पाठवली." मी गाडी थोडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं उभा राहिलो. डायरीत ती पाच मिनिटं कुठे नाहीत.

वाडीला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पादुकांपुढे उभा राहिलो. गुळव्याचा नमस्कार सांगितला. संकल्प मोडला तेही सांगितलं. महाप्रसादाची वेळ केव्हाच टळलेली, रात्री अंधारात गाडी चालवणं आता डोळ्यांना झेपत नाही, म्हणून एका पुजारीकाकांच्या घरी मुक्कामाची सोय विचारली. त्यांनी हो म्हटलं. तर मंडळी, इतकी वर्षं वाडीला जातोय, पण रात्रीची पालखी मी कधी बघितली नव्हती. दुपारी दीडला परत फिरणाऱ्याला पालखी कशी दिसणार? त्या रात्री बघितली. पदं म्हणत पालखी संथ चालली होती, थांबत थांबत, तिला कसलीच घाई नव्हती. मागे कृष्णा-पंचगंगेचा संगम काळोखात. सौ. माझ्या शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?" मी म्हणालो, "जाग येईल तेव्हा."

सकाळी बासुंदी घेतली, कवठाची बर्फी घेतली, पेढे घेतले. सौ.नं पुडे मोजले आणि म्हणाली, "दोन दोन का हो?" मी काही उत्तर दिलं नाही. सांगलीहून सरळ न जाता उजवीकडे वळलो, वाटेत एके ठिकाणी कोवळी वांगी दिसली, ती घेतली. बहिणीनं त्यांचं भरीत केलं.

त्या दुपारी मी तिला म्हणालो, "घरात तुझा अर्धा वाटा आहे. मला माहीत होतं, तेव्हाही." ती म्हणाली, "मग वरच्या खोलीची कौलं बदल, गळतात. माझ्या अर्ध्यातली." आम्ही दोघंही हसलो. कागदाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. कौलं मात्र पावसाआधी बदलून घेतली.

डायरीतल्या त्या पानावर किलोमीटरचा हिशेब जुळत नाही. मी तो जुळवलेला नाही. यंदाची वारी जयंतीनंतरच्या आठवड्यात आहे. दाजींना गाडीत नीट बसवता येईल का, हे भाचा डॉक्टरांना विचारून कळवणार आहे. बसवता आलं तर औदुंबरच्या घाटापर्यंत तरी नेऊ. किती वाजता पोचू ते दाजींवर अवलंबून.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥